रोजच्या दिवसात देवाचा माग : तरुणांसाठी आत्मपरीक्षणाच्या प्रार्थनेची ओळख

दृढीकरणाचा संस्कार घेईपर्यंत आमच्या धर्मग्रामांतील मुले-मुली रविवारच्या धर्मशिक्षणाला येतात, वेदीसेवा करतात, गायनवृंदात गातात. पुढे महाविद्यालय संपते, नोकरी लागते आणि चित्र पालटते. पहाटेची गाडी, दिवसभराचे काम, रात्री उशिरा घर. रविवार उरतो तो झोपेला आणि आठवडाभर साचलेल्या कामांना. अशा तरुणांशी बोलताना एक प्रश्न आमच्या कानांवर वारंवार येतो : देवावर आमचा विश्वास आहे, पण आमच्या दिवसात त्याला जागा कुठे आहे?

हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. ज्याला देवाचे काहीच वाटत नाही, तो असा प्रश्न विचारत नाही. परंतु विचारणाऱ्याला उत्तर मिळाले नाही, तर तो हळूहळू स्वतःच एक निष्कर्ष काढतो : श्रद्धा ही चर्चच्या आवारातली गोष्ट आहे, कार्यालय, बाजार, मोबाइल, प्रेम, पैसा आणि घरातले वाद हे सारे त्या आवाराबाहेरचे. हा समज एकदा पक्का झाला की आठवड्याच्या सहा दिवसांशी नाते नसलेली रविवारची मिस्साही निरर्थक वाटू लागते आणि एके दिवशी तीही सुटते. सुटल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही ख्रिस्तसभेच्या परंपरेतील एका जुन्या प्रार्थनेचा परिचय करून देत आहोत. तिला आत्मपरीक्षणाची किंवा दिनपरीक्षणाची प्रार्थना म्हणतात. तिला दहा ते पंधरा मिनिटे लागतात. पुस्तक लागत नाही, वेगळी जागा लागत नाही. सरलेला दिवस हाच तिचा विषय. म्हणूनच ज्याला दिवसात देवासाठी जागा सापडत नाही, त्याच्यासाठी ती विशेष उपयोगी आहे.

ही प्रार्थना म्हणजे काय?

दिवस संपताना देवाच्या सान्निध्यात बसून मागे वळून पाहणे, हे या प्रार्थनेचे सार आहे. आज देव कुठे भेटला, त्याने काय दिले, आपण त्याला कुठे प्रतिसाद दिला आणि कुठे पाठ फिरवली, हे शांतपणे पाहायचे; आभार मानायचे, क्षमा मागायची आणि उद्यासाठी बळ मागायचे.

मागे वळून पाहणे का आवश्यक आहे, हे संत लूकच्या शुभवर्तमानातील एम्माऊसच्या वाटेवरील प्रसंगावरून (लूक २४:१३-३५) चांगले समजते. दोन निराश शिष्य येरुशलेम सोडून निघाले होते. पुनरुत्थित प्रभू त्यांच्याबरोबर चालत होता, बोलत होता. तरीही त्यांनी त्याला ओळखले नाही. भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले आणि त्यानंतर त्यांना आठवले, की वाटेत तो बोलत असताना आपली अंतःकरणे पेटली होती. अनुभव वाटेवरच आला होता. त्याचा अर्थ मागाहून उमगला. तरुणांविषयी विचार करण्यासाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये रोम येथे भरलेल्या बिशपांच्या सिनडने आपल्या अंतिम दस्तऐवजाची मांडणी याच प्रसंगाच्या आधारे केली, हे लक्षणीय आहे. देव बरोबर चालत असतो. ओळख पटायला थांबावे लागते.

आत्मपरीक्षणाची मुळे पवित्र शास्त्रातच आहेत. देवाने आपले हृदय पारखावे व आपल्याला योग्य मार्गावर न्यावे, अशी विनवणी १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी आढळते. प्रभुभोजनात सहभागी होण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असे संत पौल करिंथकरांस सांगतो (१ करिंथ ११:२८). ख्रिस्तसभेच्या दैनंदिन प्रहरप्रार्थनेतील रात्रीच्या प्रार्थनेच्या आरंभीही आत्मपरीक्षणाला स्थान आहे. मात्र प्रापंचिकांनाही सहज करता यावी अशी या प्रार्थनेची सुटसुटीत मांडणी केली ती संत इग्नाती लोयोला यांनी.

जखमी शिपायाची दोन स्वप्ने

इग्नाती यांचा जन्म १४९१ मध्ये स्पेनच्या बास्क प्रदेशात, लोयोला येथील सरदार घराण्यात झाला. तारुण्यात त्यांना शौर्याची, मानमरातबाची व दरबारी जीवनाची ओढ होती. २० मे १५२१ रोजी पांप्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय निकामी केला. लोयोलाच्या वाड्यात अनेक महिने ते अंथरुणाला खिळून होते. वेळ घालवण्यासाठी त्यांनी शौर्यकथांची पुस्तके मागितली. परंतु घरात उपलब्ध होती ती दोनच : ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांची चरित्रे.

त्या दिवसांत त्यांच्या मनात आळीपाळीने दोन प्रकारची स्वप्ने येत. कधी एका थोर घराण्यातील स्त्रीसाठी गाजवायचे पराक्रम, तर कधी संत फ्रान्सिस व संत डोमिनिक यांच्यासारखे जीवन. दोन्ही स्वप्ने पाहताना आनंदच होई. पण हळूहळू एक फरक त्यांच्या ध्यानात आला. पराक्रमाचे स्वप्न ओसरले की मन कोरडे व असमाधानी राही. संतांच्या वाटेचे स्वप्न ओसरले तरी आनंद मागे उरे. कोणती गोष्ट करताना किती सुख होते यापेक्षा ती सरल्यावर मनात काय उरते, हे पाहण्याची सवय त्यांना तिथे लागली. त्यावेळी ते तिशीचे होते आणि आयुष्यात पुढे काय करावे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

पुढे १५२२-२३ मध्ये मान्रेसा येथे घेतलेल्या प्रार्थनानुभवांतून त्यांचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकारास येऊ लागला. परमगुरू पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये त्यास मान्यता दिली. दिनपरीक्षणाची पाच पायऱ्यांची पद्धत याच ग्रंथात आहे. इग्नाती यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या येशूसंघाला पोप महोदयांची मान्यता २७ सप्टेंबर १५४० रोजी मिळाली. संघाच्या घटनेत विद्यार्थ्यांनी दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करावे, अशी तरतूद त्यांनी केली. अभ्यासात व कामात बुडालेल्या तरुणांना दीर्घ प्रार्थना जमणार नाहीत, पण दिवसाकडे देवाच्या नजरेने पाहणे जमलेच पाहिजे, अशी त्यांची धारणा यातून दिसते.

आपल्या भूमीशी नाते

या परंपरेचे आपल्या भूमीशी जुने नाते आहे. पॅरिसमध्ये इग्नाती यांच्याबरोबर एकाच खोलीत राहिलेले त्यांचे सहाध्यायी म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. पुढे वसईलाही त्यांचे येणे झाले. १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराण’ या मराठी महाकाव्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हेही येशूसंघाचेच धर्मगुरू होते.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे तारुण्य या संदर्भात आठवण्याजोगे आहे. वसईत येशूसंघीयांच्या सहवासात ते वाढले, किशोरवयात त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले व धर्मशिक्षणाच्या कार्यात साहाय्य करू लागले. पुढे त्यांनी व्यापार केला. त्यानंतर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांना हौतात्म्य आले आणि ८ जून १८६२ रोजी ते संत म्हणून घोषित झाले. आपण त्यांना वेदीवरील मूर्तीत पाहतो. परंतु त्यांच्या तारुण्याची कित्येक वर्षे परमुलखात, भाषा शिकण्यात, वाटाघाटींत आणि देवघेवीत गेली. त्यांचे पाचारण या व्यवहारांतूनच परिपक्व झाले.

पाच पायऱ्या

संत इग्नाती यांनी सांगितलेला क्रम पुढीलप्रमाणे आहे. स्पष्टीकरण आम्ही आजच्या तरुणाला समोर ठेवून केले आहे.

१. आभार. दिवसात जे मिळाले त्याबद्दल प्रथम देवाचे आभार मानावेत. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या चुकांपासून आरंभ केला तर प्रार्थना चौकशीसारखी होते. देणाऱ्याची आठवण आधी झाली, तर चुकांकडे पाहण्याचेही धैर्य येते. आभार ठोस असावेत : वेळेवर मिळालेली गाडी, मित्राचा फोन, घरी झाकून ठेवलेले जेवण.

२. प्रकाशाची याचना. आपणच आपल्याला नीट पाहू शकत नाही. कधी आपण स्वतःला फार सवलत देतो, तर कधी विनाकारण छळतो. म्हणून पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागावा. या पायरीमुळेच ही प्रार्थना निव्वळ मनाच्या हिशेबाहून वेगळी ठरते.

३. दिवसाचे अवलोकन. उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने डोळ्यांसमोरून जाऊ द्यावा. विचार, शब्द आणि कृती या तिन्हींकडे पाहावे, असे इग्नाती सांगतात. मन कुठे हलके झाले, कुठे जड झाले, कोणाशी बोलताना आवाज चढला, कोणाला टाळले, हे पाहावे. सगळेच आठवण्याची गरज नाही. जे आपोआप वर येते, तिथे थांबावे.

४. क्षमायाचना. जिथे चुकले, ते नेमके नाव घेऊन देवाला सांगावे. ‘माझे सगळेच चुकते’ असे म्हणणे सोपे असते, आणि त्यातून काहीच बदलत नाही. ‘आज दुपारी मी अमुक व्यक्तीला सर्वांसमोर बोललो’ हे म्हणणे अवघड असते, आणि तिथूनच सुधारणेला आरंभ होतो.

५. उद्याचा संकल्प. देवाच्या कृपेवर विसंबून उद्यासाठी एक छोटी गोष्ट ठरवावी. शेवटी प्रभूने शिकवलेली ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणावी.

एक उदाहरण

समजा, वसईची एक तरुणी मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका आहे. दिवसपाळी संपवून ती रात्री विरार गाडीत बसली आहे. महिलांच्या डब्यात अंधेरीनंतर तिला खिडकीजवळची जागा मिळाली. तिने मोबाइल पिशवीत ठेवला आणि डोळे मिटले.

ती प्रथम आभार मानते. बसायला जागा मिळाली. तीन दिवस काहीही न खाणाऱ्या वृद्ध रुग्णाने आज दोन चमचे मऊ भात खाल्ला. मग ती प्रकाश मागते आणि दिवस आठवू लागते. सकाळी डबा भरताना आईशी झालेली खटपट आठवते. वॉर्डमध्ये नव्याने आलेल्या मावशींवर आपण ओरडलो, हे आठवते. का ओरडलो? मावशींचे काही चुकले नव्हते. त्याआधी दहाच मिनिटांपूर्वी वरिष्ठांनी आपल्याला सुनावले होते, आणि तो राग आपण आपल्याहून दुर्बळ माणसावर काढला. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास मोबाइलवर इतरांची छायाचित्रे पाहिली. त्यानंतर मन जड झाले होते, हेही तिच्या आता लक्षात येते. दोन चमचे भाताच्या वेळी मात्र मन भरून आले होते.

ती आईबद्दल आणि मावशींबद्दल क्षमा मागते. उद्या कामावर गेल्यावर आधी मावशींशी बोलायचे, असे ठरवते. भाईंदरची खाडी येईपर्यंत तिची प्रार्थना संपलेली असते. वसई रोडला उतरताना तिच्या परिस्थितीत काहीही बदललेले नसते. पण दिवसातला तो रुग्णशय्येजवळचा क्षण देवाने दिला होता, हे तिला कळलेले असते, आणि उद्या कोणाजवळ जायचे हेही.

विशेष परीक्षण

संत इग्नाती यांनी याच ग्रंथात ‘विशेष परीक्षण’ नावाची आणखी एक पद्धत दिली आहे. तीत एकाच दोषावर लक्ष केंद्रित करायचे असते. सकाळी उठताच त्या दोषापासून सावध राहण्याचा निश्चय करायचा. दुपारी व रात्री किती वेळा घसरलो ते पाहायचे आणि आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी आखलेल्या ओळींवर तितके ठिपके मांडायचे. मग एक दिवस दुसऱ्या दिवसाशी व एक आठवडा दुसऱ्या आठवड्याशी ताडून पाहायचा.

आजच्या तरुणासाठी हा दोष कोणताही असू शकतो : अजून घरीच असताना फोनवर ‘निघालोच’ म्हणून सांगणे, पाठीमागे सहकाऱ्याची थट्टा करणे, जेवताना मोबाइल न सोडणे, वडिलांना तुटक उत्तरे देणे. मोठे पाप शोधण्याची घाई करू नये. रोज घडणाऱ्या लहान गोष्टीतच माणसाचा स्वभाव घडत वा बिघडत असतो.

समाधान आणि शुष्कता : निर्णय घेताना

रोजच्या परीक्षणाचा खरा लाभ काही आठवड्यांनंतर दिसू लागतो. मनाच्या हालचालींची दिशा कळू लागते. ज्या हालचालीने श्रद्धा, आशा व प्रीती वाढते, तिला इग्नाती आत्मिक समाधान म्हणतात. ज्या हालचालीने मन अंधारते, गोंधळते, प्रार्थनेचा कंटाळा येतो व आशा मावळते, तिला ते आत्मिक शुष्कता म्हणतात. दोन्ही अवस्था प्रत्येकाच्या वाट्याला येतात. शुष्कता आली म्हणजे देवाने सोडले, असे नव्हे.

या संदर्भात त्यांनी दिलेला एक नियम प्रत्येक तरुणाने ध्यानात ठेवावा असा आहे. मन शुष्कतेत असताना पूर्वी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. उलट प्रार्थना व आत्मपरीक्षण थोडे वाढवावे आणि धीर धरावा. रागाच्या रात्री लिहिलेला राजीनामा, एका भांडणानंतर मोडलेले लग्न, अपयशानंतर सोडलेले शिक्षण, यांचा पश्चात्ताप किती जणांना होतो, हे आपण पाहतोच.

परदेशी नोकरीसाठी जावे का, वडिलोपार्जित वाडीचे काय करावे, या व्यक्तीशी विवाह करावा का, धर्मगुरू वा धर्मभगिनी होण्याचे पाचारण खरे आहे का, असे प्रश्न आमच्या तरुणांसमोर आहेत. यांची उत्तरे एका रात्रीत मिळत नाहीत. परंतु त्या विचारानंतर मनात काय उरते, हे काही महिने रोज पाहिलेल्या तरुणाजवळ निर्णयाच्या वेळी केवळ इतरांचे सल्ले नसतात. देवाबरोबर तपासून पाहिलेला स्वतःचा अनुभवही असतो. परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२२ पासून आपल्या बुधवारच्या धर्मशिक्षणात याच विषयावर, म्हणजे आत्मिक विवेकावर, अनेक आठवडे मार्गदर्शन केले होते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आत्मिक शुष्कता आणि नैराश्याचा आजार या एकच गोष्टी नव्हेत. झोप उडणे, भूक जाणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे टिकून राहिली, तर केवळ प्रार्थना वाढवण्याचा सल्ला देणे अन्यायाचे आहे. अशा वेळी घरच्यांना सांगावे, डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक यासाठीच आहे. उपचार घेणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. वैद्यकाद्वारेही देवच बरे करतो, हे बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात सांगितले आहे.

काही गैरसमज

आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला दोष देत राहणे, हा पहिला गैरसमज. ‘ख्रिस्त जिवंत आहे’ असा ज्याच्या शीर्षकाचा अर्थ आहे, त्या ‘ख्रिस्तुस विवित’ या २५ मार्च २०१९ रोजी स्वाक्षरी झालेल्या प्रेषितीय बोधपत्रात पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना स्पष्ट सांगितले आहे, की विवेकाच्या परीक्षणात पापे शोधण्याबरोबरच आपल्या रोजच्या जीवनातील देवाचे कार्य ओळखणेही येते (परिच्छेद २८२). ज्यांचे मन जात्याच शंकेखोर आहे आणि प्रत्येक गोष्टीत पाप दिसते, त्यांनी पहिल्या पायरीवर अधिक वेळ द्यावा व एखाद्या अनुभवी धर्मगुरूंचे मार्गदर्शन घ्यावे. इग्नाती यांनाही मान्रेसा येथे अशा शंकांनी फार छळले होते.

या प्रार्थनेमुळे पापनिवेदनाची गरज उरत नाही, हा दुसरा गैरसमज. वस्तुतः ती त्या संस्काराची उत्तम पूर्वतयारी आहे. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी देववचनाच्या प्रकाशात विवेकाचे परीक्षण करावे, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो (परिच्छेद १४५४). जो रोज दहा मिनिटे स्वतःकडे पाहतो, त्याला संस्काराच्या वेळी ‘काय सांगू?’ हा प्रश्न पडत नाही.

स्वतःतच गुंतून राहणे, हा तिसरा धोका. परीक्षणाची कसोटी शेवटच्या पायरीवर लागते. दिवस आठवून मन शांत झाले, पण ज्याला दुखावले त्याच्याकडे पाऊल वळले नाही, तर प्रार्थना अपुरी राहिली. एम्माऊसच्या शिष्यांनी प्रभूला ओळखल्यावर तिथेच मुक्काम केला नाही. रात्र झालेली असतानाही ते त्याच घटकेस उठून येरुशलेमला, आपल्या बांधवांकडे परतले.

सामान्य जीवन आणि पावित्र्य

पावित्र्य हे धर्मगुरू व संन्यस्तांसाठी आहे, प्रापंचिकांनी केवळ नियम पाळावेत, असा समज फार काळ रूढ होता. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘लुमेन जेंतियुम’ या दस्तऐवजाच्या पाचव्या प्रकरणात पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. प्रापंचिकांचे काम, कुटुंबजीवन, विश्रांती, सोसलेली दुःखे हे सर्व मिस्सामध्ये ख्रिस्ताच्या अर्पणाबरोबर पित्याला वाहिले जाते, अशी शिकवण त्याच दस्तऐवजात आहे (परिच्छेद ३४). तरुणाच्या सहा दिवसांचे रविवारशी असलेले नाते इथे स्पष्ट होते. आठवडाभर ज्याने आपल्या दिवसाकडे पाहिले आहे, त्याच्याजवळ रविवारी वेदीवर ठेवायला काहीतरी असते.

ख्रिस्तसभेने वेदीवर बसवलेल्या तरुणांची उदाहरणेही हेच सांगतात. परमगुरू पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी दोन तरुणांना संत घोषित केले. इटलीतील ट्यूरिनचे पिएर जॉर्जिओ फ्रासाती (१९०१-१९२५) हे खाण अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. डोंगर चढणे त्यांना प्रिय होते आणि शहरातील गरिबांच्या घरी जाणे हा त्यांचा नेम होता. कार्लो अकुतिस (१९९१-२००६) हा संगणकाची आवड असलेला शाळकरी मुलगा. पवित्र ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती त्याने इंटरनेटवर संकलित केली. दोघांनीही रोजच्या मिस्साला आपल्या दिवसात स्थान दिले, आणि दिवसातले बाकीचे तास देवापासून वेगळे ठेवले नाहीत. स्वतः संत इग्नाती ज्या दिवशी, म्हणजे १२ मार्च १६२२ रोजी, संत घोषित झाले, त्याच दिवशी संत इसिदोर हेही संत घोषित झाले. ते शेतमजूर होते.

धर्मग्रामाने काय करावे?

तरुण चर्चला येत नाहीत, ही तक्रार आपण सर्वच करतो. परंतु त्यांच्या सहा दिवसांविषयी आपण त्यांना कधी विचारले का, हाही प्रश्न आहे. येशूसंघाने २०१९ ते २०२९ या दशकासाठी ठरवलेल्या चार अग्रक्रमांत आध्यात्मिक साधना व विवेक यांच्याद्वारे देवाकडे जाण्याची वाट दाखवणे आणि तरुणांना सोबत करणे हे दोन आहेत. सोबत करणे हा शब्द आम्हांला महत्त्वाचा वाटतो. उपदेशासाठी व्यासपीठ लागते. सोबतीसाठी वेळ लागतो.

युवा संघटनेच्या बैठकीत कार्यक्रमांची चर्चा आटोपल्यावर शेवटची दहा मिनिटे या प्रार्थनेसाठी राखून ठेवता येतील. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत जोडप्यांना ती शिकवता येईल. दिवसाअखेरीस एकमेकांचे आभार व क्षमा मागणारे घर सहसा मोडत नाही. धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी तरुणांशी बोलताना ‘रविवारी का आला नाहीस?’ याआधी ‘आठवडा कसा गेला?’ असे विचारावे. ज्या घरांत अजूनही संध्याकाळची जपमाळ होते, तिथे ती संपल्यावर आई-वडिलांनी प्रथम स्वतः एक वाक्य बोलावे : आज मला या गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे आहेत, आज माझे इथे चुकले. वडिलांच्या तोंडून हे दुसरे वाक्य ऐकलेला मुलगा ते विसरत नाही.

आरंभ करू इच्छिणाऱ्यांस

जे आज आरंभ करू इच्छितात, त्यांना आमच्या काही सूचना आहेत. वेळ व जागा ठरवून घ्यावी : परतीची गाडी, जेवणानंतरचा ओटा, झोपण्यापूर्वीचा पलंग. त्या वेळी मोबाइल दूर ठेवावा. आरंभी पाच मिनिटेच द्यावीत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. चुकल्याचे ओझे वाहू नये. पहिल्या आठवड्यात फक्त आभार मानले तरी चालेल. आठवड्याअखेरीस चार ओळी वहीत लिहिल्या, तर महिन्यानंतर त्या वाचताना बरेच काही उमगते. दोन-तीन महिन्यांनी आपल्या विश्वासातील धर्मगुरू, धर्मभगिनी वा वडीलधाऱ्या व्यक्तीशी त्याविषयी बोलावे.

प्रभू येशूने आपल्या ऐहिक आयुष्यातील सुमारे तीस वर्षे नाझरेथ येथे व्यतीत केली. त्या वर्षांविषयी शुभवर्तमान फार थोडे सांगते : तो आई-वडिलांच्या आज्ञेत राहिला, ज्ञानाने वाढला, आणि गावातले लोक त्याला सुतार म्हणून ओळखत. देवाच्या पुत्राचे तारुण्य कामात, घरात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत गेले. म्हणून आमच्या तरुणांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही विश्वासाने देऊ शकतो. तुमच्या दिवसात देव आधीपासूनच आहे. आज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे मागे वळून पाहा. तो तुम्हांला कुठे भेटला होता, हे तोच दाखवील.